पेम्बर्लीचे स्थळ

एलिझाबेथ बेनेट हिने डार्सीशी लग्न केले ते त्याच्यावर मन जडले म्हणून, की त्याचा वाडा डोळ्यांत भरला म्हणून, हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे. जेन ऑस्टेन हिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली लंडन येथे तीन भागांत प्रसिद्ध झाली. पुढे तीनच वर्षांनी, १८१६ मध्ये, वॉल्टर स्कॉट याने त्याच लेखिकेच्या 'एमा' ह्या कादंबरीचे परीक्षण लिहिताना जाता जाता ह्या नायिकेलाही एक चिमटा काढला. डार्सीला नकार देण्यात आपला मूर्खपणा झाला हे ह्या मुलीला केव्हा उमगले, तर त्याचे सुंदर घर आणि बाग तिच्या दृष्टीस पडली तेव्हा, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ. स्कॉट हा ऑस्टेनचा चाहता होता. तरी हा शेरा त्याच्या लेखणीतून उतरलाच.

वरच्या इयत्तेतील मुलामुलींबरोबर ही कादंबरी मी वाचावयास घेतली, तेव्हा स्कॉटचे नावही न ऐकलेल्या एका विद्यार्थ्याने नेमका हाच आरोप केला. हा मुलगा गणितात हुशार असून प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडावयाची त्याला सवय आहे. तो म्हणाला, "बाई, एप्रिलमध्ये ती त्याचे तोंड पाहावयास तयार नाही. उन्हाळ्यात ती त्याचा वाडा पाहते आणि हळहळू लागते. मधल्या काळात त्याच्यात काय बदलले? काहीच नाही. तिने काय नवे पाहिले? वाडा." वर्गात हशा झाला, पण तो पुरता खोडून काढणे कोणास जमेना. त्यानंतर कित्येक तास आमचे पाठ्यपुस्तक मागे पडले आणि हा खटलाच चालला.

ज्या पालकांच्या वाचनात ही कादंबरी आलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. हर्टफर्डशायर परगण्यातील बेनेट ह्या गृहस्थाला पाच मुली, मुलगा नाही. जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ती मिळकत पुरुष वारसाकडेच जावी असे बंधन असल्यामुळे बापाच्या पश्चात सारे काही कॉलिन्स नावाच्या नात्यातील पाद्र्याच्या हाती जावयाचे. दुसरी मुलगी एलिझाबेथ, वय वीस, बोलण्यात चतुर. डार्सी हा डर्बीशायरमधील पेम्बर्लीचा धनी, वय अठ्ठावीस, उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, आणि स्वभावाने इतका ताठ की पहिल्याच नृत्यसमारंभात, ही मुलगी माझ्या पसंतीस उतरण्याइतकी देखणी नाही, अशा अर्थाचे तो तिला ऐकू जाईल असे बोलतो. पुढे तोच तिच्या प्रेमात पडतो आणि तिला मागणी घालतो. तीही कशी, तर तुझ्या कुळाचा हलकेपणा ठाऊक असूनही मी हे करीत आहे, असे उपकार दाखवीत. एलिझाबेथ त्याला स्पष्ट नकार देते. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या भागाचा.

ह्या वादात मराठी भाषा बोलणारास एक अडचण आहे आणि एक सोयही आहे. आपण विवाहयोग्य मुलाला 'स्थळ' म्हणतो. स्थळ सांगून येते, स्थळ पाहावयास जातात, चांगले स्थळ हातचे गेले म्हणून नातेवाईक वर्षानुवर्षे चुटपुटतात. माणसासाठी जागेचा शब्द वापरण्याची ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चमत्कारिक आहे असे वाटतही नाही. तेव्हा एलिझाबेथने आधी पेम्बर्ली पाहिली आणि मग डार्सीविषयी तिचे मत पालटले, हे ऐकून मराठी वाचकाने दचकण्याचे कारण नाही. तिने स्थळ पाहिले, एवढेच. परंतु स्थळ पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, ह्यावर सारा खटला अवलंबून आहे.

प्रथम आमच्या हिशेबी विद्यार्थ्याचाच हिशेब पुरा करू. कॉलिन्सने एलिझाबेथला मागणी घातली तेव्हा त्याने तिची शिल्लक तिच्या तोंडावर मोजून दाखविली होती. आईच्या पश्चात १,००० पौंड, शेकडा चार दराने गुंतविलेले. म्हणजे वर्षाकाठी ४० पौंड. ह्या चाळीस पौंडांना अडीचशेने गुणावे तेव्हा डार्सीचे उत्पन्न येते. अशी मुलगी आधी कॉलिन्सला नाकारते आणि त्याबरोबर आपले राहते घर आपल्याच कुटुंबात राखण्याची संधी दवडते. मग डार्सीला नाकारते. डार्सीचे उत्पन्न तिला ठाऊक नव्हते असे नाही. पहिल्या समारंभात तो आत आला आणि पाच मिनिटांत तो आकडा दालनभर झाला होता. ज्या मुलीचे मन पैशाकडे धावते ती ही चूक दोनदा करीत नाही. ह्यावर त्या विद्यार्थ्याचे उत्तर मार्मिक होते: "ऐकलेला आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेला वाडा ह्यांत फरक असतो." हे खरेच आहे. म्हणून पाहिलेल्या वाड्यांकडेच वळावे लागते. आणि वाडा तिने एकच पाहिलेला नाही.

पेम्बर्लीच्या आधी तिने डार्सीच्या मावशीचा, लेडी कॅथरीनचा, रोझिंग्ज हा वाडा पाहिला होता. त्या वाड्याच्या खिडक्या कॉलिन्सने तिला मोजून दाखविल्या. तेथील एका दिवाणखान्यातील शेकोटीच्या नुसत्या चौकटीला ८०० पौंड पडले, हेही त्याने सर्वांना ऐकविले होते. इतर मंडळी तेथे दबून गेली. एलिझाबेथ मात्र शांतपणे बसून बाईसाहेबांच्या प्रश्नांना बेडरपणे उत्तरे देत राहिली. म्हणजे भिंती, खिडक्या आणि शेकोट्या पाहून विरघळणारे तिचे मन नव्हते. पेम्बर्लीत तिला आवडले ते हे की, तेथे श्रीमंती अंगावर येत नव्हती; ओढा, झाडी, टेकडी ह्यांना त्यांच्या मूळ रूपात राहू दिले होते आणि घरातील सामान मालकाचा मोठेपणा ओरडून सांगत नव्हते.

आता तो प्रसंग. एलिझाबेथ आपल्या मामा-मामींबरोबर, म्हणजे गार्डिनर पतिपत्नींबरोबर, प्रवासास निघाली आहे. मामा लंडनमधील व्यापारी. राहतो तो आपल्याच वखारी दृष्टीस पडतील अशा वस्तीत. बिंगलीच्या बहिणींनी ह्याच मामावरून तिच्या कुटुंबाची टर उडविली होती. पेम्बर्ली पाहावयास जाण्याचे तिच्या मनात नसते. मालक घरी नाही अशी मुक्कामाच्या ठिकाणच्या दासीकडून खात्री करून घेतल्यावरच ती होकार देते. वाडा पाहून तिच्या मनात येतेच की, आपण ह्या घराची मालकीण झालो असतो. लेखिकेने हे लपविलेले नाही आणि मला तर ह्यातच तिचा प्रामाणिकपणा दिसतो. मोह झाला; बावीस वर्षांची होण्यापूर्वी, चाळीस पौंडांच्या मुलीला, तसल्या घरात उभे राहून मोह होणार नाही तर कोणाला होईल? परंतु त्या मोहातही तिच्या मनात पहिले चित्र उभे राहते ते असे की, ह्या दालनांत आपण मामा-मामींचे पाहुणे म्हणून स्वागत केले असते. आणि लगेच तिला आठवते: नाही, ते शक्य नव्हते, त्यांना येथे बोलावण्याची मला परवानगीच मिळाली नसती. ही आठवण वेळेवर झाली म्हणून ती पश्चात्तापातून वाचली, असे लेखिका सांगते.

ही ओळ वर्गात वाचली तेव्हा मी मुलांना थांबावयास सांगितले. ह्या घरात माझ्या माणसांना जागा नाही, हा तिचा खरा आक्षेप आहे. डार्सीने मागणी घालताना तिच्या कुळाचा जो उल्लेख केला होता त्याची जखम अजून ओली आहे. वाडा कितीही सुंदर असला तरी ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून तिच्या दृष्टीने तो रिकामा आहे.

मग घर दाखविणारी वृद्ध कारभारीण रेनल्ड्स बोलू लागते. डार्सी चार वर्षांचा होता तेव्हापासून ती त्याला ओळखते. त्याच्याकडून कधी कठोर शब्द ऐकला नाही, कुळे आणि नोकरचाकर त्याच्याविषयी चांगलेच बोलतील, अशी ती ग्वाही देते. पगारी माणसाने मालकाची स्तुती करावी ह्यात नवल ते काय, अशी शंका आमच्या वर्गातील एका मुलीने घेतली. गार्डिनर मामालाही त्या वेळी तेच वाटून हसू आले होते. पण मागील प्रकरणे चाळावी. खुद्द विकॅमने, डार्सीची निंदा करीत असतानाच, तो कुळांना मदत करतो व गरिबांना देतो हे कबूल केले होते. फक्त ते सारे घराण्याच्या अभिमानापोटी, अशी पुस्ती त्याने जोडली होती. शत्रू आणि नोकर ह्यांची साक्ष जुळते तेव्हा न्यायाधीशानेही कान टवकारावे. तसबिरींच्या दालनात डार्सीच्या चित्रासमोर एलिझाबेथ उभी राहते, तेव्हा ती त्याचे सौंदर्य न्याहाळीत नाही. भाऊ, जमीनदार आणि धनी म्हणून किती माणसांचे सुखदुःख ह्याच्या हाती आहे, हा विचार तिच्या मनात येतो.

येथे मला माझ्या आजीची आठवण येते. आत्याच्या लग्नाची खटपट चालू असताना एक मोठे स्थळ सांगून आले होते. आजोबा स्वतः जाऊन घर पाहून आले आणि दोन दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता: सागवानी तुळया, चौकातील विहीर, मागील आंब्याची बाग. आजीने सारे ऐकून घेतले. मग तिने त्या गावच्या ओळखीच्या एका बाईमार्फत त्या घरी भांडी घासणारीकडे चौकशी केली. ती बाई दर दिवाळीला तेथे नवी असते, असे उत्तर आले. आजीने त्या स्थळाला नकार कळविला. आजोबा नाराज झाले, कारण आंब्याच्या बागेविरुद्ध भांडी घासणारीची साक्ष त्यांना फारच हलकी वाटली. आत्याचे लग्न पुढे पोस्टातील एका कारकुनाशी झाले. आजीला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. पण रेनल्ड्सचे बोलणे तिने मामासारखे हसण्यावारी नेले नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तथापि कादंबरीतील खरा निर्णायक पुरावा ह्यानंतरचा आहे. डार्सी अनपेक्षितपणे एक दिवस आधी येऊन पोहोचतो आणि बागेत त्यांची गाठ पडते. तो गोंधळलेला आहे, पण अतिशय सौजन्याने बोलतो. थोड्या वेळाने तो पुन्हा येऊन, तुमच्या सोबतच्या मंडळींची ओळख करून द्याल का, असे विचारतो. एलिझाबेथला मनातून गंमत वाटते; ही मंडळी कोणी बडी असावी असा ह्याचा समज झालेला दिसतो! ती नाते सांगते आणि तिरप्या नजरेने त्याच्याकडे पाहते. तो चकित होतो, पण काढता पाय घेत नाही. उलट मामाशी बोलत चालू लागतो, आणि तू येथे असेपर्यंत हवे तितक्या वेळा ह्या ओढ्यात मासे धरावयास ये, गळ आणि इतर साहित्य मी देतो, असे आमंत्रण देतो. ज्या मामाला ह्या घरात प्रवेश मिळणार नाही म्हणून ती पश्चात्तापातून वाचली होती, त्याच मामाच्या हाती घराचा मालक गळ देऊ करतो. आमच्या विद्यार्थ्याने विचारले होते की, तिने नवे काय पाहिले. माझ्या मते तिने हे पाहिले.

अर्थात बदलाची सुरुवात त्याही आधीची आहे. नकाराच्या दुसऱ्या दिवशी डार्सीने तिला एक लांब पत्र दिले आणि विकॅमच्या वर्तनाची खरी हकीकत कळविली. ते तिने इतक्यांदा वाचले की तिला ते जवळजवळ पाठ झाले. त्या पत्राने प्रेम उत्पन्न केले नाही. आपण माणसे ओळखतो ह्या तिच्या घमेंडीला मात्र तडा गेला. ह्या भागावर मुले फार बोलली नाहीत. स्वतःची लाज वाटणे हा प्रकार त्या वयात चर्चेला घेण्याजोगा वाटत नसावा.

प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे एलिझाबेथची स्वतःची कबुली. त्याच्यावर तुझे प्रेम केव्हापासून, असे तिची वडील बहीण जेन विचारते, तेव्हा पेम्बर्लीची सुंदर बाग पाहिली तेव्हापासून, असे ती उत्तर देते. "घ्या! आरोपीचा कबुलीजबाब!" असे म्हणून आमचा विद्यार्थी उठलाच. परंतु जेन लगेच तिला थट्टा सोडून नीट सांगावयास विनविते, आणि मग एलिझाबेथ गंभीरपणे आपले मन उघड करते, हे त्याने वाचलेच नव्हते. ह्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली की, थट्टेत थोडे खरे असतेच. तेही मी नाकारीत नाही. लोक काय म्हणणार हे एलिझाबेथला पक्के ठाऊक आहे, म्हणून लोकांचे वाक्य ती आधीच स्वतः बोलून टाकते.

आणि ते वाक्य गंभीरपणे बोलणारे माणूस तिच्या घरातच आहे. ज्या डार्सीचे नाव काढले की आईच्या कपाळाला आठी पडत असे, त्याच्याशी मुलीचे लग्न ठरले हे कळताच ती माउली क्षणभर स्तब्ध होते आणि मग दागिने, गाड्या, हातखर्चाची रक्कम ह्यांचा पाढा वाचू लागते. वर्षाला दहा हजार! तिचे मन एका रात्रीत पालटले आणि ते खरोखरच वाड्याने पालटले. बाप मात्र मुलीला खोलीत बोलावून घेतो. तो श्रीमंत आहे हे खरे, जेनपेक्षा उंची वस्त्रे आणि गाड्या तुला मिळतील, पण त्यांनी तू सुखी होशील काय, असा प्रश्न करतो. जोडीदाराविषयी आदर वाटत नसेल तर काय होते हे त्याने स्वतःच्या संसारात पाहिले आहे, आणि ते दुःख मुलीच्या वाट्याला येऊ नये असे त्याला वाटते. हा बाप एरवी आळशी आणि कुत्सित आहे. मुलींच्या भवितव्याची तरतूद त्याने केलेली नाही. परंतु ह्या एका प्रसंगी त्याने विचारलेला प्रश्न पुष्कळ दक्ष बापांना सुचत नाही.

एलिझाबेथच्या मनात शेवटी जे असते त्याला लेखिका कृतज्ञता आणि आदर अशी नावे देते. काही मुलांना ही नावे फिकी वाटली. पहिल्या दृष्टिभेटीत जडते तेच प्रेम, असे त्यांचे म्हणणे. पण पहिल्या भेटीत तिला आवडला होता तो विकॅम. तोच विकॅम पुढे तिची धाकटी बहीण लिडिया हिला घेऊन पळाला, तेव्हा डार्सीने कोणास न सांगता लंडनला जाऊन त्यांचा शोध लावला, विकॅमचे हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडले, लिडियाच्या नावे आणखी एक हजार बांधून दिले, त्याला सैन्यातील जागा विकत घेऊन दिली आणि लग्न लावून दिले. हे एलिझाबेथला त्याने सांगितले नाही. मामीच्या पत्रातून कळले.

शार्लट लुकसच्या वतीने एका विद्यार्थिनीने जे भाषण केले त्याने वर्ग गंभीर झाला. शार्लट ही एलिझाबेथची मैत्रीण. वय सत्तावीस, रूप नाही, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती स्वीकारते, केवळ डोक्यावर छप्पर असावे म्हणून. ती विद्यार्थिनी म्हणाली, "एलिझाबेथला दोनदा नाही म्हणण्याचे धैर्य होते, तसेच तिचे नशीबही होते. शार्लटला दुसरा प्रश्न कोणी विचारणार नव्हते. तिला हसू नका." कोणी हसले नाही. खुद्द लेखिकेचे चरित्र येथे आठवते. १८०२ साली डिसेंबरमध्ये, सत्ताविसाव्या वाढदिवसास दोन आठवडे उरले असताना, जेन ऑस्टेनला हॅरिस बिग-विदर ह्या मोठ्या मिळकतीच्या वारसाने मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. ती अविवाहित राहिली. ह्या कादंबरीचे हक्क तिने ११० पौंडांना विकले आणि पुस्तकावर तिचे नाव छापले गेले नाही. एका रात्रीपुरते तिनेही एक स्थळ स्वीकारले होते. तेव्हा शार्लटवर तिने आसूड ओढला नाही ह्याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आमच्या हिशेबी विद्यार्थ्याचे समाधान अजून झालेले नाही. गळ देऊ करावयालाही आधी ओढा मालकीचा असावा लागतो, असे तो परवाच मला जिन्यात म्हणाला. मी त्याला कादंबरीचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले आहे. त्यात वाड्याचा थाट नाही, बागेची शोभा नाही, दहा हजारांचा आकडाही नाही. त्यात लंडनचे मामा आणि मामी आहेत; डार्सी आणि एलिझाबेथ ह्या दोघांचाही त्यांच्यावर मनापासून जीव होता, आणि ज्यांनी तिला डर्बीशायरला आणले त्यांचे ऋण ते दोघे कधी विसरले नाहीत, एवढेच तेथे सांगितले आहे.